रुखमिणीचा इस्तो

सत्त्याहत्तर साली तळ्याची पाळ दुसऱ्यांदा फुटली, धानाच्या बांध्या वाळूखाली गेल्या आणि एकेक घर करून सारं गाव भिलाईला निघून गेलं. मागे उरली एकटी गोदावरीबाई.

एका संध्याकाळी माचिस संपली. जुन्या सवयीनं ती गोवरी घेऊन शेजारी विस्तव मागायला गेली.

“रुखमिणी, इस्तो दे वो बाई!”

दाराला तीन वर्षांचं गंजकं कुलूप होतं.

इस्तो देताना रुखमिणी हिच्या गोवरीचा कोपरा मोडून आपल्या चुलीत ठेवायची. “तेवढाच शेजार राहते,” म्हणायची.

“येडी झाली मी,” म्हणत, डोळे पुसत गोदावरीबाई घरी परतली. चुलीपुढं बसली, तर बोटांना चटका बसला.

हातातल्या गोवरीचा कोपरा मोडलेला होता. मोडल्या जागी निखारा फुलला होता.