तांबडा पटका

ऊन डोक्यावर आलं तरी पिंडाला कावळा शिवेना. ओढ्याकाठच्या बाभळीवर पाच-सात कावळे माना वाकड्या करून बसले होते, पण खाली यायचं नाव घेत नव्हते. आज गुंडाचा दहावा, आणि मोडनिंबची सगळी भावकी उपाशी ताटकळली होती.

गुंडाच्या बायकोला, केराबाईला, कारण ठाऊक होतं. थोरल्या लेकानं, श्रीमंतानं, भादरलेल्या डोक्याला ऊन लागतं म्हणून, बापाचा तांबडा पटका गुंडाळला होता. तोच पटका बांधून गुंडा वीस वर्षं जोंधळ्याच्या राखणीला माळ्यावर उभा राहिला, आणि त्याच्या गोफणीचा धोंडा सहसा चुकला नाही. कावळ्यांना माणसाचं तोंड कशाला बघायला हवं? तांबडं दिसलं की धोंडा येतो, एवढं त्यांना पाठ होतं. पांढऱ्या मुंडाशाच्या राखणदाराला ते कधी भीक घालत नसत.

पटका काढ म्हणून सांगायला तिनं तोंड उघडलं, तेवढ्यात दीर बोलला. दादाचा शब्द राहिलाय, म्हणून जीव घोटाळतोय म्हणाला. अकरा वर्षांच्या लेकीला, वच्छलेला, माढ्याच्या चाळिशीतल्या बिजवराला द्यायचं गुंडानं ठरवलं होतं. केराबाई तेव्हा रडली, पाया पडली. त्यानं ऐकलं नव्हतं.

ती गप्प राहिली.

श्रीमंतानं हात जोडून याच महिन्यात लग्न लावतो म्हणून शब्द दिला. कावळे हलले नाहीत. त्यानं पुन्हा सांगितलं, तिसऱ्यांदा सांगितलं. भावकी एकमेकांकडं बघू लागली.

"उलटं बोलून बघ की," केराबाई म्हणाली. मेलेल्या माणसाशी लबाडी, तीही नवऱ्याशी.

श्रीमंत घुटमळला. मग म्हणाला, "आबा, वच्छीला तितं देत न्हाय."

"आता उघड्या डोक्यानं पाया पड."

पटका तिनं आपल्या हातात घेतला आणि पदराखाली धरला. श्रीमंत वाकला, मागं सरला. एक कावळा उतरला, मग सगळेच उतरले.

दिरानं डोळे पुसले. "लेकीत जीव गुतला हुता बघा, वयनी. जाता जाता मन बदाललं दादाचं."

"व्हय," केराबाई म्हणाली. "जित्तेपणी कदी माजं ऐकलं न्हाय. आज ऐकलं."