सरावाची पेशंट

शप्पथ घेऊन सांगते, यातला शब्दन्‌शब्द खरा आहे, खोटं निघालं तर जीभ झडो माझी! मनाचे डॉक्टर घडवतात ना, त्या कॉलेजात मी सरावासाठी खोटी पेशंट व्हायला जाते. थापा मारणं म्हणजे माझ्या हातचा मळ. त्या दिवशी बाईंनी हातात कागद दिला: दूरच्या मुलखातून आलेली म्हातारी, झोप लागत नाही, तरणा मुलगा गेलाय.

परीक्षेला बसलेली पोरगी म्हणाली, “रडा ना आजी, मोकळ्या व्हा.”

“आमच्यात आई रडत नाही गं बाळा. गेलेल्याचा पाय अडतो.”

तिनं मान डोलावली, आणि बाईंना वाचून काय दाखवलं? “डोळ्यांत टिपूस नाही. मुलावर फारसा जीव नसावा.”

बाई कडाडल्या, “तुझ्या घरची फूटपट्टी त्यांच्या दुःखाला कशाला लावतेस?” पोरगी नापास. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “काय हुबेहूब वठवलंत हो आजी!” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

बरं बाई, एक गोष्ट पदरची घातली, कबूल करते. कागदावर दूरची म्हातारी, झोप लागत नाही, एवढंच होतं. मुलगा माझा होता.