दुहेरी तारेची क्लिप

हिलरीने क्लिप ट्यूबलाइटखाली धरली आणि चष्मा कपाळावर सरकवला. दुहेरी तार होती. स्क्रूच्या डोक्याला एकच सरळ खाच होती. मुलामा पिवळट पडला होता, जसा पडायला हवा तसा.

"बोला अंकल," जयवंत म्हणाला. "आता हिच्यात काय खोट काढणार?"

जयवंतचं सातिवलीत नट-बोल्टचं छोटं युनिट होतं. गेले चार महिने तो हिलरीसाठी रेडिएटरच्या नळ्यांवर बसणाऱ्या क्लिपा शोधत होता. गाडी १९५९ची, लोक जिला डुक्कर फियाट म्हणतात ती. तिला आठ क्लिपा लागत होत्या. पहिल्या खेपेला जयवंतने आज सगळीकडे मिळते ती कापे पाडलेली पट्टी दाखवली. हिलरीने ती हातातही घेतली नाही. दुसऱ्या खेपेच्या क्लिपा स्टीलच्या होत्या, फार चकाकत होत्या. तिसऱ्या खेपेला तार बरोबर होती, पण स्क्रूचं डोकं षटकोनी होतं. या गाडीला तसं नव्हतं. एसटीच्या डेपोत चौतीस वर्षं काढलेल्या माणसाला हे कोणी सांगायची गरज नव्हती.

गाडी हिलरीच्या वडिलांची. त्याची बायको कॅथरिन लग्न होऊन भुईगावला आली ती हिच्यातूनच. नंतर कितीतरी वर्षं गाडी वाडीत पत्र्याखाली पडून होती. कॅथरिनच्या किडन्या गेल्या तेव्हा हिलरीने ती बाहेर काढली आणि हळूहळू कामाला लागला. डायलिसिसला तीन वर्षं झाली होती. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास. तिच्या डाव्या हाताची शीर दोरखंडासारखी फुगली होती. ईस्टरनंतर एका सकाळी ती म्हणाली, "आता नाही सोसत मला. गाडी तयार झाली की एकदा तिच्यातून चर्चला जाऊ. मिस्सा ऐकीन. मग हे सुया टोचणं बंद."

हिलरीने डॉक्टरांना विचारलं. बंद केलं तर आठ-दहा दिवस, ते म्हणाले.

तो तिला नाही म्हणू शकला नाही. एवढंच म्हणाला, "गाडी पहिली होती तशी झाली पाहिजे. अगदी तशी."

"चालेल," ती म्हणाली.

इंजिन झालं. ब्रेक झाले. सीटा शिवून झाल्या. क्लिपा तेवढ्या राहिल्या.

यातलं जयवंतला काही माहीत नव्हतं. आंटी आजारी आहेत आणि त्यांना गाडीत बसायचंय, एवढंच तो जाणून होता. "परळला एक जुनं दुकान बंद झालं," तो सांगत होता. "त्याच्या माळ्यावर निघाल्या. खोक्यावर साल बघा, अठ्ठावन्न. नशीब म्हणा तुमचं."

हिलरीने खिशातला रुमाल सोडला. गाडीच्या खालच्या नळीवर मूळची एकच क्लिप उरली होती, गंजून मोडलेली. ती त्याने नव्या क्लिपेशेजारी ठेवली. व्हर्नियरने तारेची जाडी घेतली, खाच घेतली. जुळत होतं. त्याने परत घेतलं. परत जुळलं.

"खाच रुंद आहे," तो म्हणाला.

जयवंतने व्हर्नियर ओढून घेतला, स्वतः माप घेतलं आणि हसला. "केसाचा फरक नाही, अंकल. आणि असला तरी आंटी काय बॉनेट उघडून बघणार आहेत? बसवा त्यांना आणि फिरवून आणा. अजून किती थांबवणार त्यांना?"

हिलरीने मोडकी क्लिप रुमालात बांधली. "दुसऱ्या बघ," तो म्हणाला आणि बाहेर पडला.

स्कूटर त्याने सावकाश चालवली. पहिल्या तीन वेळी खोट खरी होती. म्हणून त्याला स्वतःला काही विचारावं लागलं नव्हतं. आज खोट नव्हती. काल डायलिसिसहून येताना कॅथरिनला रिक्षात दोनदा उलटी झाली होती. मग पायांत गोळे आले. तो चोळत बसला आणि ती तोंडात पदर धरून पडून राहिली. हे सगळं ती गाडीसाठी सोसत होती, आणि गाडी तो अडवून बसला होता. पुलावर त्याने स्कूटर बाजूला घेतली. मागून येणारे हॉर्न वाजवत पुढे गेले. तिला आज खरं सांगायचं, असं त्याने ठरवलं. मग होऊ दे तिच्या मनासारखं. त्याच्यापुढे काय, ते त्याला दिसत नव्हतं आणि बघायचंही नव्हतं.

कॅथरिन ओट्यावर खाटेला टेकून बसली होती. फुगलेला हात उशीवर होता. समोर वाडीत गाडी उभी होती, धुऊन पुसून.

"मिळाली?" तिने विचारलं. तो क्लिपांसाठी बाहेर जाऊन आला की ती आधी हेच विचारायची, त्याने चपला काढायच्याही आत.

हिलरी पायरीवर बसला. तिच्याकडे न बघता बोलला. "मिळाल्या. आठच्या आठ. अगदी बरोबर होत्या. मीच खोटं सांगून परत आलो." मग थोडं थांबून म्हणाला, "उद्या आणतो."

तो बोलणी खायच्या तयारीने मान खाली घालून बसला.

"उद्या नको," ती म्हणाली. "स्कूटर वाजली की दर वेळी मी देवाकडे मागायचे, आज मिळालेली नसू दे."