तीन पेन्सिली

"किती पेन्सिली?" चष्मेवाल्या बाईंनी हात वर धरून विचारलं.

"सहा," ड्रायव्हर म्हणाला आणि स्वतःच ओशाळला. "तीनच असणार, ताई. पण दिसतात सहा."

साखरेच्या दुखण्यानं त्याच्या उजव्या डोळ्याची एक नस लुळी पडली होती. डोळा बाहेरच्या बाजूला वळेना. दोन रस्ते, दोन सिग्नल, समोरून येणारा एकच ट्रक तोही जोडीनं. अठ्ठावीस वर्षं डोंगरावरची बस चालवलेला माणूस महिनाभर डेपोत नोटिसा चिकटवत होता. बघताना तो तोंड जरा उजवीकडे वळवून धरी. तसं केलं की दोन्ही चित्रं थोडी जवळ येत.

"चष्म्यानं डोळा सरळ होईल?"

"नाही हो. डोळा आहे तसाच राहील. प्रिझमची काच प्रकाशाला वळवते आणि लांब पडलेलं चित्र दुसऱ्यावर आणून बसवते. बाहेरची कड जाड असते, तेवढं ओझं नाकानं सोसायचं."

"म्हणजे रुसलेल्या दोघांना एका बाकावर बसवायचं," कोपऱ्यातून बाईंची आई म्हणाली. "बघू, मी घालून बघते."

"तू नको. चांगल्या डोळ्यांवर तीच काच एकाचे दोन करील."

"मग राहू दे बाई. मला बोलायला तू एकटी पुरेशी आहेस."

ड्रायव्हर हसला, पण मांडीवरची बोटं एकमेकांत घट्ट अडकली होती. "शुक्रवारी डेपोत तुमच्या सहीचं पत्र दिलं नाही, तर स्टिअरिंग कायमचं सुटलं, ताई. मला दुसरं काही येत नाही हो."

बाईंनी मान हलवली.

शुक्रवारी सकाळी तयार चष्मे आले. आई पिशवी भरून दुकानातच बसली होती. डोंगरावर थोरल्या लेकीकडे जायचं, पण या ड्रायव्हरचीच बस असेल तर. दुसरा म्हणे हाडं खिळखिळी करतो.

"तू जेवत होतीस ना, तेव्हा एक गिऱ्हाईक मी काढलं," आई ऐटीत म्हणाली. "पोस्टमन आला होता. त्याची काळी फ्रेम दिली."

"वा! आता दुकान तुझ्याच नावावर करते."

ड्रायव्हर धापा टाकत आला तेव्हा बस सुटायला दहाच मिनिटं उरली होती. एरवी बाई प्रत्येक काच यंत्राखाली धरून बघत. आज त्यांनी खणातून काळी फ्रेम काढली आणि थेट त्याच्या नाकावर चढवली.

"हलका आहे की," तो म्हणाला.

"कारागिरानं मन लावून घासलाय." बाईंनी तीन पेन्सिली वर धरल्या. "किती?"

त्यानं तोंड किंचित उजवीकडे वळवलं. ओठ पुटपुटल्यासारखे हलले.

"तीन."

बाईंनी आणखी दोन घेतल्या. पुन्हा तेवढाच वेळ गेला.

"पाच."

"देव पावला गं!" आई म्हणाली. बाईंचे डोळे भरून आले. त्याच्या कपाळावर घाम डवरला होता. आनंदानं माणसाचं असंही होतं.

"मान अजून वाकडीच आहे हो तुमची."

"सवय, ताई."

"सुटेल हळूहळू." बाईंनी पत्रावर सही केली. घाईत त्याचा हात पत्राशेजारी हवेतच मिटला, दुसऱ्या झटक्यात ते हाती लागलं. "तुमचे उपकार कसे फेडू?" एवढंच तो म्हणाला आणि नजर खाली घातली.

"आईला नीट पोचवा, फिटले."

"चला मावशी. माझ्या मागचीच सीट तुमची."

बस कोपऱ्यावर आली तेव्हा त्यानं दोनदा हॉर्न वाजवला. बाईंनी दारातून हात हलवला. खिडकीतून आईनंही हलवला. मग बस डोंगराच्या रस्त्याला लागली आणि पहिल्या वळणाआड गेली.

पेन्सिली पेल्यात ठेवून बाई वळल्या, तर दारात पोस्टमन. गुडघ्यावर पँट फाटलेली, हातात काळी फ्रेम.

"बाई, हा तुमचा चष्मा परत घ्या," तो म्हणाला. "पायरी एक होती, मला दिसल्या दोन. हा घातल्यापासून सगळं दोन-दोन दिसतंय."