मनवाचा कोपरा

मान अजिबात न हलवता डोळे डावीकडे न्या बरं. गेले? डोळ्याला असं बाहेरच्या बाजूला वळवणारी एक बारीकशी नस असते. मेंदूतून निघणाऱ्या नसांमधली सहावी. आता कल्पना करा, तुमच्या डाव्या डोळ्याची ती नस रुसली आहे. उजवा डोळा डावीकडे वळतो, डावा मध्येच थांबतो, आणि त्या बाजूचं सगळं दोन-दोन दिसतं.

मोठ्या तापातून उठलेल्या मनवाला काळाचौकीच्या मैदानात अशाच दोन मानसी दिसल्या. कबड्डीच्या सरावात मानसी चढाईला आली होती. मनवा नेहमीप्रमाणे उजव्या कोपऱ्यात. तिने झेप घेतली आणि पाय धरला, पण नसलेल्या मानसीचा. हाताला फक्त माती लागली.

“मी इकडे आहे गं,” मानसी हसली. “तिकडे कोणाला धरतेस, भुताला?”

हेमचंद्र सर जवळ आले. “डॉक्टर ‘खेळायला हरकत नाही’ म्हणाले, खरंय. नसही हळूहळू सुधारेल. पण फायनल उद्या आहे, मनवा. तू मान वळवून बघेपर्यंत भोईवाड्याची पोरगी गडी मारून परत जाईल. उद्या बस तू.”

मनवा उठलीच नाही. बसल्या जागेवरून तिने डावीकडे पाहिलं. दोन सर, दोन मानसी. मग उजवीकडे पाहिलं. मैदानाबाहेर पाण्याची बाटली घेऊन आई उभी होती. एकच आई.

ती ताडकन उठली.

“सर, उजव्या कोपऱ्यातून सगळा खेळ डावीकडे दिसतो ना?”

“हो. मग?”

“आणि डाव्या कोपऱ्यातून?”

सरांनी डाव्या कोपऱ्याकडे नजर टाकली. मग सावकाश म्हणाले, “त्या कोपऱ्यात तू कधी खेळलेली नाहीस. सगळं उलटं होईल. हात, पाय, झेप.”

“होऊ दे की. माणूस तर एक दिसेल.”

“म्हणजे माझा कोपरा ढापतेस होय?” डावीकडून अनुजा ओरडली, आणि बोलता बोलता उजवीकडे चालूही लागली.

सरांनी शिट्टी ओठांशी नेली. “एकच चढाई. धरलंस तर उद्या खेळशील.”

मानसी मधल्या रेषेवर आली. आता ती हसत नव्हती.

मनवा डाव्या कोपऱ्यात गेली, गुडघ्यांत वाकली. मान सरळ, डोळे उजवीकडे.

“ये,” ती म्हणाली.