गिटारचं ओव्हरहॉलिंग

दुकानदार लिमने गिटार पेटीतून बाहेर काढली, नाकाशी धरली आणि हुंगली.

"पेंट?" त्याने विचारलं.

"फर्स्ट क्लास मरीन पेंट," मनोहरराव ऐटीत म्हणाले. "आमच्या इंजिन रूमचाच."

तांजोंग पगार भागातल्या त्या माडीवरच्या दुकानात भिंतभर जुन्या गिटारी टांगल्या होत्या. कुणाचा रंग उडालेला, कुणाला पोचे आलेले, कुणाची कड झिजून आतलं लाकूड उघडं पडलेलं. मनोहररावांना त्यांची दया आली. सगळा जन्म जहाजावर इंजिनियरकी केलेल्या माणसाला गंज आणि पोपडे बघवत नाहीत. त्यांची गिटार मात्र हिरवीगार चकाकत होती.

पण ऐट वरवरची होती. आत धाकधूक चालली होती. पाया लेबार भागातला नवा फ्लॅट लहान, तिथे ही पेटी येणार नाही, असं कुमुदताईंनी घरून निघतानाच बजावलं होतं. अस्सल जुनी निघाली तर चांगल्या किमतीला विकायची, नकली निघाली तर कुणाला तरी देऊन टाकायची. म्हणजे निकाल काहीही लागो, गिटार जाणारच. तरुणपणी अमेरिकेतल्या एका बंदरात पहिल्या पगारातून घेतलेली ती वस्तू त्यांच्याने सोडवत नव्हती, आणि बायकोपुढे तसं म्हणायची सोय नव्हती.

लिमने मागचे स्क्रू काढून दांडी सुटी केली. तिच्या बुडाशी पेन्सिलीने लिहिलेली पुसट तारीख होती. त्याने भिंग लावून ती वाचली, भिंग शर्टाला पुसलं आणि पुन्हा वाचली.

"नाइन्टीन सिक्स्टी-टू. चव्वेचाळीस वर्षं," तो हलकेच म्हणाला. "अंकल, ही खरी आहे."

मनोहररावांनी रिकामी पेटी जवळ ओढली. कुमुदताई पर्स सावरून नीट बसल्या.

मग दांडी बसते त्या खाचेत लिमने चाकूच्या टोकाने थोडा रंग खरवडला. हिरव्याखाली राखाडी निघाला, राखाडीखाली पांढरा आणि त्याखाली नुसतं लाकूड.

"ओरिजिनल रंग कुठे गेला?"

"तो पॉलिश पेपरने घासून काढला," मनोहरराव म्हणाले. "मग जहाज दुरुस्तीसाठी ड्राय डॉकला गेलं की जहाजाला रंग लागायचा, तेव्हा हिलाही एक हात मारून घ्यायचो."

लिम मटकन स्टुलावर बसला. "आय्यो, अंकल. जुन्या गिटारीची सगळी किंमत त्यातच असते. मूळ रंग, मूळ स्क्रू, मूळ डाग. नुसतं पुसतानासुद्धा विचार करायचा असतो ना."

"म्हणजे किंमत कमी होते?" मनोहररावांनी विचारलं.

"अर्ध्याच्याही खाली."

मनोहररावांना एकदम हुशारी वाटली. अस्सल, पण किंमत नाही, म्हणजे विकायलाही नको आणि द्यायलाही नको. "मग हे स्क्रू बघा," ते पुढे सरकले. "सगळे स्टेनलेस स्टीलचे. जुने गंजले होते, समुद्रात फेकले."

लिमने डोळे मिटून घेतले.

"आतली वायरही बदललीय, जहाजाची आहे. आणि ही पितळेची बटणं मी स्वतः लेथवर काढली."

इतक्या उत्साहाने गुन्हे कबूल करणारं गिऱ्हाईक लिमला बहुधा पहिल्यांदाच भेटलं असावं. त्याचा चेहरा उतरत होता आणि मनोहरराव खुलत होते.

"अहो, हसताय काय?" कुमुदताई दबक्या आवाजात मराठीत म्हणाल्या. "नव्या घराचं सगळं फर्निचर आलं असतं त्यात."

तेवढ्यात लिम पुन्हा गिटारवर वाकला. आवाज पकडणाऱ्या कॉइल त्याने उघडून पाहिल्या. "ह्या मात्र मूळच्या आहेत. यांना कसा हात नाही लावला?"

"चालत होत्या ना," मनोहरराव पडेल आवाजात म्हणाले. "चालत्या मशिनला मी हात लावत नाही."

"मग ह्या मला द्या. पैसे चांगले देईन. बाकीची गिटार घरी न्या."

"ह्या काढल्यावर ती वाजेल कशी?"

"वाजणार नाही."

कुमुदताईंना सौदा पसंत पडला. लिमने दांडी जोडली, तारा ताणल्या आणि गिटारची वायर एका छोट्या अ‍ॅम्प्लिफायरला लावली. "एकदा तपासून घेऊ. वाजवा, अंकल."

मनोहररावांनी आयुष्यात कधी अ‍ॅम्प्लिफायर घेतला नव्हता. शेजारच्या केबिनमध्ये कुणीतरी ड्यूटी संपवून झोपलेलं असायचं, मग घरीही तीच सवय राहिली. इलेक्ट्रिक गिटार अशी नुसती वाजवली, तर शेजारच्या खोलीत टिकटिक तेवढी पोचते. त्यांना धूनही एकच येत होती, समुद्रावर असताना त्यांची त्यांनीच बसवलेली. आता शेवटचीच वेळ म्हणून त्यांनी ती वाजवली. दोनदा चुकले. पण सूर दुकानभर घुमले, भिंतीवरच्या गिटारींच्या ताराही बारीक झणझणल्या, आणि दुःख विसरून लिमची मान डोलायला लागली. आपण इतकं बरं वाजवतो हे मनोहररावांनाही ठाऊक नव्हतं.

धून थांबताच कुमुदताई पर्स बाजूला ठेवून पुढे सरकल्या.

"दर रविवारी दार लावून तुम्ही हे वाजवत होतात?" त्यांनी विचारलं.

"हो."

"आणि मी बाहेर चिडचिड करायची, की तिन्हीसांजेला नखं कापत बसतात म्हणून."

लिमने स्क्रू ड्रायव्हर उचलला. "काढू ना, मॅडम?"

कुमुदताईंनी त्याचा हात बाजूला केला आणि अ‍ॅम्प्लिफायरवर बोट ठेवलं.

"हा डबा कितीला?"