नागव्वा सापडंना

"मॅडम, नागव्वा सापडंना," खालच्या काउंटरवरून मल्लप्पा फोनवर म्हणाला, आणि वरच्या मजल्यावर कॉम्प्युटरच्या खोलीत बसलेली चंद्रिका खुर्चीत सरसावून बसली.

सोमवारची ओपीडी, अकराची वेळ. आदल्या दिवशीच तिनं हॉस्पिटलचा डेटाबेस नव्या आवृत्तीवर नेला होता. त्याला बाहेरच्या लोकांनी लिहिलेली अकरा एक्स्टेन्शनं, म्हणजे छोटे जोडप्रोग्राम, जोडलेली. दहा मुकाट्यानं नव्या घरात आली. अकरावं काही केल्या येईना. गुलबर्ग्याकडच्या कुणा भल्या माणसानं ते लिहून जगाला फुकट दिलेलं, आणि गेल्या चार वर्षांत त्याला हातही लावला नव्हता. चंद्रिकानं आपल्या सगळ्या प्रोग्राममध्ये त्याचं नाव शोधलं. कुठंच आलं नाही. मग यादीत त्याच्यापुढं 'वापर नाही' असं लिहिलं आणि टाकलं काढून.

"दरसाल येत्यात म्हनं आजी, अक्कलकोटाकडनं," मल्लप्पा सांगत होता. "जुना कागूद हरवलाय. म्हनून नवा केसपेपर काढून दिला की. गेल्या बी आत."

चंद्रिकानं स्वतः शोधून पाहिलं. नागव्वा, गाव, वय. एकही नाही. अगं बाई! तेव्हा कुठं तिच्या डोक्यात उजेड पडला. त्या अकराव्याला नावानं कुणी बोलावतच नव्हतं. ते आपलं सर्चच्या पोटात गुपचूप बसून काम करत होतं. कानडी-मराठी नावांची नस त्याला ठाऊक. नागव्वा म्हणा, नागम्मा म्हणा, नागूबाई म्हणा, एकाच बाईचे कागद काढून समोर ठेवायचं. आणि नवा केसपेपर म्हणजे कोरा करकरीत. माणसाला कुठलं औषध बाधतं, त्याचा त्यावर पत्ता नाही.

"सर, जुन्या आवृत्तीवर परत जाऊ या. आत्ताच्या आत्ता," ती आपल्या साहेबांना म्हणाली.

शिवपुत्र सरांनी मानसुद्धा वर केली नाही. "एका नावासाठी? संध्याकाळी बघू. लोकांना जरा नाव नीट सांगायला शिकवा."

उंटावरून शेळ्या हाकायला यांचं काय जातंय! चंद्रिकानं दुसऱ्या कॉम्प्युटरवर डेटाबेसची शनिवारची, जुन्या आवृत्तीतली प्रत उघडली. तिथं तेच नाव टाकलं, तर तीन बाया आल्या. तिसरी नागूबाई. तेच गाव, वय एकसष्ट. खाली लाल अक्षरांत लिहिलेलं: पेनिसिलिन देऊ नये, मागच्या वेळी श्वास कोंडला होता.

दोन-दोन पायऱ्या गाळत ती खाली पळाली. इंजेक्शनच्या खोलीत राजनंदिनी सिस्टरनी सुई भरून धरलेली, आणि आजींनी बाही वर केलेली.

"सिस्टर, थांबा! काय देताय?"

"पेनिसिलिन. डॉक्टरांनी लिहून दिलंय. का गं?"

चंद्रिकाला धाप लागली होती. "आजी, नागूबाई तुम्हीच का?"

"व्हय की."

"मग नागव्वा कोण?"

"ती बी मीच. म्हायेरात नागव्वा, सासरात नागूबाई." आजी हसल्या. "कुनी कशीबी हाक मारू दे पोरी, आपन ओ द्यावी."

चंद्रिकानं लाल अक्षरांतलं सांगितलं, तशी सिस्टरनी सुई खाली ठेवली. चंद्रिका भिंतीला टेकली. वाचलो बाबा, असं तिला अगदी मनापासून वाटलं. पण ते वाटणं दोन मिनिटंसुद्धा टिकलं नाही. ती तडक काउंटरवर गेली.

"मल्लप्पा, सकाळपासून नवे केसपेपर किती काढले?"

"एकोननव्वद," मल्लप्पा खुशीत म्हणाला. "आज नवीनच लोक लई आल्यात बगा."

"पळ आधी! नव्या केसपेपरवर कुणालाही काही देऊ नका म्हणून डॉक्टरांना सांग," असं म्हणून तिनं त्याला पिटाळलं, त्याच्याच टेबलावरची वही-पेन उचलली आणि चंद्रिका बाकांकडं आली. बाकं गच्च भरलेली. पहिलेच आजोबा कोऱ्या केसपेपरनं वारा घेत बसले होते. ती त्यांच्यापुढं उकिडवी बसली.

"आजोबा, तुम्हाला घरीदारी आणखी काय काय नावानं हाक मारतात?"

आजोबांनी सरकून तिला शेजारी जागा करून दिली.

"बस की हितं. येळ हाय न्हवं?"